दुसरा ट्रम्पेट

दाराला गादी टेकवलीय, पंखा बंद.
इंदिरानगरच्या मागच्या खोलीत
मी मेक्सिकोचं एक गाव उभं करतोय,
जिथं मी कधी गेलो नाही.

खेळाची तिसरी लेव्हल: चौक, मधोमध कारंजं,
एक पोरगी कंदील घेऊन
मेलेल्यांच्या गल्लीत बापाला शोधते.
तिच्या पायाखाली झेंडू.
म्हटलं, झेंडू तरी आपला,
तर तोही मुळात तिकडचाच निघाला,
आणि मिरची, आणि पिंपळगावचा टोमॅटोसुद्धा.

ठेका सहाचा. कधी दोनदा तीन, कधी तीनदा दोन.
गिटार एक मोजते, व्हायोलिन दुसरंच,
भांडत भांडत समेवर येतात.
इथवर कॉम्प्युटरला जमलं.
ट्रम्पेट जमेना.
त्याच्यातला ट्रम्पेट म्हणजे
इस्त्रीचा शर्ट, घाम न आलेला.

म्हणून भद्रकालीतून पुंजाराम मास्तर आणले.
पितृपक्ष. लग्नं नाहीत, बँड खुंटीला.
पंचातून वाद्य सोडवत त्यांनी पडदा पाहिला.
"वरात कुणाची?"
वरात नाही, मास्तर.
"मग संपवायचं कुठं?"
संपवायचं नाही. तिला दार सापडेपर्यंत
शेवट सुरुवातीला जोडत राहायचा.
"हां," म्हणाले, जसं काही रोजचंच.

पहिला टेक ओझरच्या विमानानं खाल्ला.
दुसरा कावळ्यानं.
तिसऱ्याला
माझ्या हेडफोनात ऊन पडलं.

आता दुसरा, मी म्हणालो, याच्या खालून, जोडीनं.
मारियाचीत ट्रम्पेट दोन असतात.
मास्तरांनी ओठ पुसले.
"आमच्यातबी दोन असायचे.
कारभारी गेला ना, करोनात."

मग डोळे मिटून जे वाजवलं
ते त्यांचं नव्हतंच:
उचल अर्धी मात्रा उशिरा,
वरचा सूर जरा उतरलेला,
आणि ओळ संपता संपता
कुणी न मागितलेली एक मुरकी.
"तो असाच चुकायचा."

चूक सरळ करायला एक क्लिक लागते.
माझं बोट माउसवर होतं, तिथंच राहिलं.

कुठल्यातरी देशात एखादं पोर
खेळ तसाच टाकून जेवायला जाईल.
कंदीलवाली चौकात उभी, कारंजं चालू,
आणि दर अठ्ठेचाळीस मात्रांनी
कारभारी उशिरा येईल.

निघताना मास्तरांनी पाकिटं दोन मागितली.
दुसऱ्यावर नाव स्वतः लिहिलं.
माझं पेन अडलं,
तर पुन्हा गिरवून.