शून्य गुण

मंगळवारी सायोन चॅपेलच्या मागच्या खोलीत
देव नसतो असं नाही,
पण त्याच्याआधी फोटोकॉपीचं मशीन तापावं लागतं.
माझ्याकडे किटली, बिस्किटांचा डबा,
आणि दार पटकन लावून घ्यायचं काम.
दरीतून वर येणारा वारा
माणसांच्या हातातली पत्रं ओढून नेतो.

तपकिरी पाकिटं. सगळी तपकिरी.
काहीजण न फोडताच आणतात,
दुखरा दात घेऊन यावं तसं, तोंड मिटून.

एलुनेडबाई चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या.
अजून तशाच विचारतात,
पोराच्या ताटात काय उरलंय ते बघत :
"इदवाल, मोजे कसे घालतोस?"
"घालतो की."
"कसे?"
मग बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.
"पलंगावर बसतो. एक घालतो.
दुसरा, बातम्या संपल्या की."
लिही, त्या मला म्हणाल्या.
बातम्यांसकट लिही.

पुढचा प्रश्न : वीस मीटर चालता येतं का?
इदवाल प्रॉसर, सव्वीस वर्षं खाणीत,
खाण बुजवली, छातीतली धूळ तिथंच राहिली,
म्हणतो, येतं.
बाई त्याला बाहेर घेऊन गेल्या.
फाटकापासून कबरींच्या तिसऱ्या ओळीपर्यंत वीस मीटर,
आम्ही टेप लावून मोजून ठेवलेत.
दुसऱ्या ओळीतच तो थांबला
बापाच्या दगडावर हात टेकून,
जणू भेटायलाच आला होता.

इथं पाळण्यातच शिकवतात
रडगाणं गायचं नाही, हात पसरायचा नाही,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
आणि स्वान्सीच्या कचेरीत
झाकल्या मुठीला शून्य गुण.

सुनावणीला तिघं होते, त्यातला एक डॉक्टर.
"कसे आहात, मिस्टर प्रॉसर?"
"बरा आहे. आभारी आहे."
डॉक्टरचं पेन लगेच कागदाला टेकलं.

तेव्हा बाई उठल्या. वकील नव्हेत त्या,
डोक्यावर रविवारची टोपी,
हातात सँडविचची पिशवी, ती खाली ठेवायची राहिली.
"साहेब, हा माणूस संप मोडला त्या वर्षापासून
बरा आहे म्हणतोय.
बायको गेली त्या सकाळीही दारात उभं राहून हेच म्हणाला.
हे उत्तर नाही, साहेब.
आमच्याकडे दार लावायची ही रीत आहे."

मग इदवाल बोलला.
ईस्टरपासून टबात उतरलो नाही, म्हणाला,
उतरलो तर वर कोण काढणार.
चॅपेलमध्ये साक्ष उभ्यानं देतात.
ही त्यानं बसून दिली,
दोन्ही तळवे गुडघ्यांवर, उघडे.
मी जमिनीकडे बघत राहिलो. कार्पेट निळं होतं.

निकाल त्याच दुपारी.
चालण्याचे गुण मिळाले. आंघोळीचे नाहीत.
बसमध्ये सँडविच खाल्ली, अंड्याची,
आंघोळीसाठी पुन्हा अर्ज करायचा असं ठरलं.

मंगळवार संपताना प्रार्थना असते, मिनिटभराची, वेल्शमध्ये.
मला ती अर्धीच कळते.
नावं मात्र सगळी कळतात.

पुढच्या आठवड्यात इदवाल आला, हातात पाकीट नव्हतं.
बाई पायऱ्या चढत होत्या,
कठड्याला धरून, एकेक, पाय जुळवत.
"एलुनेड, गुडघा कसा आहे?"
"बरा आहे."

तो काही बोलला नाही.
खुर्ची ओढली, तीही दोनदा थांबून,
गठ्ठ्यातला कोरा फॉर्म काढला
आणि माझ्याकडे पेन मागितलं.
किटली उकळत आली होती.
मी ती बंद केली,
नीट ऐकू यावं म्हणून.