या, बसा

घणसोली, सेक्टर सात, दुसरा मजला.
जानेवारीतल्या एका शुक्रवारी
प्रणितने दारावरची बेल उपसली
आणि तिच्या दोन वायरी
कॉम्प्युटरमार्गे अख्ख्या जगाला जोडल्या.

म्हणाला, वहिनी, ही आता कुणीही वाजवायची. कुठूनही.
दहा रुपये टाकायचे, बटण दाबायचं.
वाजली की मी उठणार, दार उघडणार,
'या, बसा' म्हणणार, दार लावणार.
छत्तीस तास. कॅमेऱ्यासमोर.
पैसे कोपरखैरण्याच्या शाळेतल्या
अकरा मुलांच्या कानाच्या मशीनला.

मी म्हटलं, ऐकू न येणाऱ्या पोरांसाठी बेल?
म्हणाला, म्हणूनच.

पहिल्या तासात चारदा वाजली.
त्यात एकदा माझ्या आईने, कर्जतहून,
चालू आहे का बघायला.

मग कुणी कुणाला सांगितलं देव जाणे.
सांगली, मस्कत, हिंगोली,
एकाने पाचशे टाकून सलग पन्नासदा वाजवली
आणि हा उठतोय, बसतोय, उठतोय,
रिकाम्या जिन्याला 'या, बसा', 'या, बसा'.
समोरच्या नाडर मावशी भांडायला आल्या,
नेमक्या बेल वाजताना दारात उभ्या.
'या, बसा.'
त्या बसल्या. रात्री अकरापर्यंत बसल्या.

पावणेचारला त्याचा आवाज पार बसला.
तेव्हा कुणीतरी शंभर रुपये टाकले, नाव न देता,
आणि लिहिलं:
दहा मिनिटं कुणी वाजवू नका, त्याला चहा पिऊ द्या.
अशी काही सोय प्रणितने केलीच नव्हती.
तरी वाजली नाही.
मी आलं किसलं.
फ्रिज एवढ्या मोठ्याने चालतो
हे मला लग्नानंतर नवव्या वर्षी कळलं.

हे रबाळ्याहून रात्रपाळी करून आले,
दार आपोआप उघडलं, 'या, बसा' ऐकलं,
म्हणाले, मी इथेच राहतो रे.
ते पाहून लोकांनी दोन हजार टाकले.

एकूण सदतीस हजार नऊशे वीस.
अकरातल्या तिघांचं झालं.
आठ राहिले, त्यावर आमच्यात अजून बोलणं होत नाही.

नुसते मागितले असते तर दिले असते का लोकांनी?
मी तरी दिले असते का?

एक सांगायचं राहिलं.
शनिवारी दुपारी, ओट्यापाशी उभी राहून,
ओले हात गाऊनला पुसून
मीही दाबली.
तिकडे वाजली. तो उठला, दार उघडलं,
समोर कुणी नाही,
आणि घोगऱ्या आवाजात, मान किंचित झुकवून,
म्हणाला: या, बसा.

मी गॅस बारीक केला
आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर
थोडा वेळ बसले.

बेल परत लावली, एक स्क्रू सापडला नाही, वाकडी आहे.
सकाळी दूधवाला वाजवतो
तेव्हा प्रणित झोपेत अर्धा उठतो.