पाचशेच्या खाली

लातूरची धावपट्टी
समुद्रापासून दोन हजार फुटांच्या वर आहे.
समुद्र मी अजून पाहिलेला नाही,
पण हिशेब त्याच्यापासून सुरू होतो,
म्हणून सकाळीच बिराजदारांना बजावलं:
उंचीचा काटा इथल्या जमिनीवर शून्य करा.

दुपारी बेचाळीस अंश. हवा पातळ,
ताकात पाणी जास्त झाल्यासारखी.
अशा हवेत कोलांटी खाली जास्त सांडते.

माझ्याकडे कोन मोजायची दुर्बीण, वायरलेस
आणि एकच शब्द.
तळाला पाचशे ठरलेले. ते चारशे ऐंशीवर आले.
"थांबा."

शेंगा सोलणारी गर्दी वर बघत राहिली.
धुराची अर्धी कमान
हरंगुळकडे विरत गेली.

उतरल्यावर हेल्मेट काखेत धरून म्हणाले,
वीस फूट, मॅडम. वीस.

माझे बाबा विहिरी खणायचे,
परसात मोजायचे.
वीस फूट म्हणजे साडेतीन परस.
तेवढाच दोर आखूड पडला होता
गावच्या आडात, दगडूकाकाच्या वेळी.
शेवटचा परस लई लबाड, म्हणायचे,
दिसतो एक, निघतो एक.

हे मी बिराजदारांना सांगितलं नाही.
वहीत लिहिलं: ४८०. वेळ तीन बारा.
पेन उन्हानं मऊ झालेलं,
सही जरा पसरली.