बिनआवाजाचा जोड

चप्पल लाइनीत दिगू म्हणाला,
"करकर नसलेला जोड द्या."
दुकानदार हसला. "अहो, लोक करकरीचे वर पैसे देतात.
नवरदेव तुम्ही, गल्लीत कळायला नको कोण आलंय ते?"
दिगू काही बोलला नाही.
मी शेजारी उभी, हातात आहेराच्या पिशव्या.

मंगळवार पेठेत आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या.
आण्णांची चप्पल कोपऱ्यावरच्या तालमीपासून ऐकू यायची.
करकर सरळ आली, तर जेवण.
मध्येच थांबली, घासत आली, तर
मी स्टोव्ह बारीक करायची,
दिगू पितळी तांब्या कॉटखाली सारायचा.
आई म्हणायची, "अभ्यास करा रं."
पाचव्या पायरीला पुस्तकं उघडलेली असायची.
कुठली, ते आठवत नाही.
दिगूला साताचा पाढा अजून येत नाही.
आमच्याकडे सात म्हणजे जिन्याचं वळण.

पोरांना कधी बोट लावलं नाही,
असं आण्णा पाहुण्यांत सांगायचे
आणि ते खरं होतं.
पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध पाजायचे आम्हाला,
म्हशीच्या पाठीवर दिगूचा हात ठेवून म्हणायचे,
"हळू. जनावराला कळतंय सगळं."

सीपीआरच्या खिडकीत केसपेपर लिहिणाऱ्या बाईला
आई म्हणाली, "मोरीत पाय घसरला, पडलो."
बाईनं पेन थांबवून आमच्याकडं बघितलं.
मी मान हलवली.
दिगू सहा वर्षांचा. माझ्याकडं बघून घेतलं
आणि वर म्हणाला, "साबण होता तिथं.
हिरवा."

आता तो उद्यमनगरात लेथवर असतो,
दिवसभर लोखंडाच्या किंचाळण्यात शांत.
रात्री घरात शिरतो तो मांजरासारखा,
कडीसुद्धा वाजत नाही.
परवा मयूरी त्याच्यासमोरच मला म्हणाली,
"ताई, सांगा की ह्यांना.
पाठीमागं येऊन उभे राहतात, काळजात धस्स होतंय.
रेवा पण दचकून रडते.
माणसानं जरा आवाज करत यावं."

दिगूनं माझ्याकडं बघितलं,
त्या खिडकीपाशी बघितलं होतं
तसंच.

काल फाटकाशी त्याची गाडी थांबली.
मी आत भाकरी थापत होते.
बराच वेळ काहीच नाही.
मग एक खोकला, खोटा.
मग "रेवा",
इतक्या बारीक, की त्याचं त्यालाच ऐकू गेलं असेल.
माझा हात गॅसच्या बटणावर होता,
आच कमी झाली होती, कधी कुणास ठाऊक.

रेवा हातातली वाटी टाकून दाराकडं पळाली.
वाटी फरशीवर गोल गोल फिरत राहिली.
तो उंबऱ्याबाहेर, मी आत.
ती थांबेपर्यंत
आम्ही दोघं हललो नाही.