सत्तेचाळीस नंबर

येळ्ळूरच्या शिवारात करपा उतरला
की पानावर डोळे उमटतात, होडीच्या आकाराचे,
मध्ये राख, कडेला तपकिरी.

आमच्या वाफ्यात अजून डोळे नाहीत.
तीनशे रोपं. सातेरीनं प्रत्येकाचं पान
नखाएवढं कापलं, बर्फात घातलं,
धारवाडच्या बसमध्ये डबा मांडीवर धरून बसली.
परवा तिचा फोन: जेलवर रेघा आल्यात.
दोनशे उपटा.

रोपं तर सारखीच हिरवी.
भरमाण्णा चिखलात वाकून उभा, हात जाईना.
"ह्यातलं आजारी एक तरी हाय काय?"
अजून नाही, मी म्हटलं.

ही सहावी पिढी.
रानटी आजोळाकडून एकच खोड घ्यायची होती,
न करपण्याची.
बाकी सगळं परत बासमतीचं.

राखायच्या शंभरातलं सत्तेचाळीस नंबरचं पान
त्यानं तोडलं, चावलं,
डोळे मिटून बराच वेळ.
"वास हाय की," म्हणाला.
मग बांधावर आल्यावर, "अर्धा."

चिठ्ठीवर मी नंबर कन्नडमध्ये लिहिला,
खाली त्याच्यासाठी मराठीत.
अर्ध्याला रकाना नव्हता.

उपटलेल्या दोनशेंची त्यानं पेंढी बांधली,
म्हशीला.