निवेल

परळच्या स्कॅन सेंटरात
दुपारी तीननंतर ड्राइव्ह तापतो.
घुर्र करतो, थांबतो,
मग ट्रेची जीभ बाहेर काढतो
आणि सीडी बोटांना चटका देते.

मी ती कडेनं धरते, फुंकर घालते.
मार्करनं लिहिते:
इंदुमती घरत, ६१, छाती.
शाई टेकताच वाळते.

सर म्हणतात, पंखा लाव, डिस्क वाकतात.
पंखा एकच आहे,
आणि तो पेशंटांकडे तोंड करून आहे.

काउंटरपलीकडे तिचा मुलगा.
पाकीट घेतो, दचकतो.
तळहात तसाच ठेवतो वर,
कपाळावर ठेवतात तसा.
"गरम लागतेय."
"आत्ताच काढलीय," मी म्हणते. "निवेल."

पिशवी आहे त्याच्याकडे,
तरी शर्टाच्या आत धरून
तो जिना उतरतो.

पुढचं नाव
मी लगेच हाकारत नाही.