पंखा बंद

ताडदेवला, तिसऱ्या मजल्यावर,
केरसी दारूवाला काडतुसं भरायला बसला
की आधी पंखा बंद करायचा.
मग खिडकी.
मग मला, "श्वास तिकडे सोड, बाई, कपाटाकडे."
मे महिना. दोघांच्या भुवयांवरून घाम,
आणि मध्ये तो पितळी तराजू,
ज्याला कुणाचं असणंच सोसत नसे.

खालून बेस्टची बस गेली की काटा थरथरायचा.
आम्ही थांबायचो.
बस ताडदेव सोडून पार पुढे जाईपर्यंत.

मी तेव्हा वैधमापन खात्यात नवी.
दिवसभर भुलेश्वरात वजनं उलटी करून
तळाचं शिसं कुणी कोरलंय का बघायचं.
मापातलं पाप शोधण्याचा पगार मिळे.
इथे पहिल्यांदाच पाहिलं असं माप
ज्यात समोर गिऱ्हाईक नव्हतं.

एकदा विचारलं, दारूवाला म्हणजे कुठल्या दारूचे?
"पणजोबा बाटलीवाला की तोफेवाला,
घरात दोन पार्ट्या हायेत.
मी दोघांना मत देतो."

वापरलेली पितळं अक्रोडाच्या भुशात घोळवायची,
आई चिंचेनं देवाची उपकरणी घासायची तसं मन लावून.
मग मानेला आच.
कल्हईवाल्याची नजर लागते त्याला:
रंग फिरला की पाण्यात. चुर्र.
एक क्षण जास्त झाला तर पितळ मऊ,
टाक बादलीत, पुढचं घे.

दारू किती घालतो, ते सांगत नसे.
"दुसऱ्याचा आकडा आपल्या नळीत घालू नये.
दुसऱ्याचा चष्मा घालतेस?"
वहीत मात्र सगळं होतं, ग्रेनमध्ये, दशांशासकट.
ग्रेन म्हणजे जवाचा दाणा, म्हणाला.
आमच्याकडे गुंज, मी म्हटलं.
म्हणजे दोघंही बियांनीच मोजणारे.
आम्ही सोनं, तो आग.

तीनशे मीटरची रेंज मिळायची वर्षातून दोन दिवस,
घाटापलीकडे, लष्कराच्या मेहेरबानीवर.
उरलेलं वर्ष हे टेबल.
पाच गोळ्या झाडायचा.
चार एकमेकींत, वर रुपया ठेवला तर झाकतील अशा.
पाचवी बाहेर, उजवीकडे, एकटी.
परत येताना खोपोलीला वडा खाताना
त्या चौघींचं नावसुद्धा काढलं नाही त्याने.
वडा गार होईपर्यंत पाचवीच.

वहीच्या शेवटच्या पानांवर
अक्षर जरा पसरलंय, छिद्रंही.
दर नोंदीखाली कारण लिहायची सवय होती:
वारा डावीकडून. मान घट्ट. दमट हवा.
सर्वात शेवटची नोंद अशी:
"दारू बरोबर. पितळ बरोबर. वारा नाही.
मी."

तो गेल्यावर रायफल ठाण्यात जमा झाली,
उरलेली दारूही, पावती घेऊन.
माझ्याकडे आली वही. आणि तराजू.

एका शुक्रवारी, कचेरी रिकामी झाल्यावर,
मखमलीतली प्रमाण वजनं चिमट्यानं काढून
मी तो तपासला.
कमी दाखवत होता.
पुन्हा ठेवलं. पुन्हा कमी, तेवढाच.
अकरा वेळा.
केसभरही इकडे नाही, तिकडे नाही.

म्हणजे वहीतला एकही आकडा खरा नव्हता,
तीस वर्षांत एकही,
आणि चार गोळ्या रुपयाखाली.

खोटा, पण रोज तितकाच खोटा:
आमच्या फॉर्मात यासाठी रकाना नाही.
मी नियमाप्रमाणे लिहिलं, नापास.
सही केली, तारीख घातली,
आणि रुमालात गुंडाळून घरी आणला.

वहीत त्याच्या "मी"खाली
किती फरक, तेवढा लिहून ठेवलाय. पेन्सिलीनं.
तो असता तर म्हणाला असता, मालूम हाय.
किंवा नसताही म्हणाला.

कधी रात्री पंखा बंद करते.
तोलायचं काही नसतं.
रिकाम्या पारड्यांना जागेवर यायला
किती वेळ लागतो, तेवढंच.
खालून बस जाते.
मी थांबते, काटा थांबतो.